दुपारी दार ओढून घेणारं पान

जानेवारीतली दुपार, दोनचा सुमार. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तुम्ही डोक्याहून उंच मालदांडी ज्वारीत उभे आहात. पायाखालची जमीन इतकी भेगाळली आहे की एखाद्या भेगेत मनगटापर्यंत हात जावा. शेवटच्या पावसाला कित्येक आठवडे उलटले. या पिकाला कुणी पाणी दिलेलं नाही, पुढंही देणार नाही. पावसाळ्यात मातीनं पोटात जे धरून ठेवलं त्याच्यावरच त्याला दाणा भरायचा आहे. पानं दोन्ही कडांनी आत वळून नळीसारखी झाली आहेत.

"गेलं हे पीक," तुमच्या तोंडून निघून जातं.

बांधावर भाकरी सोडून बसलेले आजोबा मान हलवतात. "दुपारच्याला पीक बघू नगा, पावनं. पहाटं या. पहाटं पान सरळ झालं आसंल तर समजायचं, बुडाशी ओल हाय. आत्ता ते दार लावून बसलंय."

तुम्ही बोट जिभेवर ओलं करता आणि हवेत धरता. क्षणभर गार लागतं आणि दहा आकडे मोजायच्या आत बोट कोरडं होतं. आजच्या प्रवासात हे बोटच तुमचं वाहन आहे. जिथं जाल तिथं ते ओलं करून वर धरायचं. वाळलं की पुढच्या मुक्कामाला निघायचं.

निघण्याआधी त्या पानाची अडचण मात्र नीट समजून घ्या. पान म्हणजे आतून ओलं घर. त्याच्या पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते आणि ती बाष्पानं जवळजवळ काठोकाठ भरलेली असते. बाहेरून मेणाचं लिंपण असतं, त्यातून पाणी सहजी सुटत नाही. पण त्या मेणातून कर्बवायूही आत येत नाही, आणि कर्बवायू आला नाही तर साखर नाही, साखर नाही तर कणसात दाणा नाही. म्हणून पानाच्या कातडीला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात. तीच पर्णरंध्रं. प्रत्येक तोंडाला दोन ओठ, म्हणजे दोन रक्षक पेशी. त्यांच्यात पाणी भरलं की त्या फुगून वाकतात आणि मधली फट उघडते. पाणी उतरलं की ओठ मिटतात. सगळी रंध्रं उघडी असली तरी त्या फटींचं क्षेत्र पानाच्या शेकडा एक-दोन भागांच्या आसपासच भरतं. तेवढ्या वाटेनं झाडाचं मुळांनी ओढलेलं बहुतेक सगळं पाणी निघून जातं. कर्बवायूचा एक रेणू आत घ्यायचा तर पाण्याचे शेकडो रेणू बाहेर जातात, असा हा सौदा आहे.

सौद्यातला भाव ठरवते हवा. वीस अंशांची हवा जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या सुमारे तिप्पट बाष्प चाळीस अंशांची हवा धरू शकते. तापलेल्या कोरड्या हवेत यातली बरीच जागा रिकामी असते आणि ती भरायला हवा मिळेल तिथून पाणी ओढते. तुमच्या बोटावरून ओढलं, तसंच या पानातूनही. मुळाशी ओल असो वा नसो, वरून ही ओढ चालूच असते. आपण शेतीच्या पाण्याचा विचार करताना नेहमी खाली, मातीकडे बघतो. मला वाटतं, तितकंच वर बघायला हवं.

बोट वाळलं आहे. चला.

*

३ जुलै १७२४. लंडनजवळ, थेम्स नदीकाठचं टेडिंग्टन नावाचं खेडं. हवा उबदार आहे, पण अंगाला बोचणारी नाही. बोट ओलं करून धरता तर बराच वेळ ओलंच राहतं, म्हणून तुम्हाला इथं थांबायला सवड आहे.

समोर गावच्या चर्चचे पाद्री उभे आहेत, स्टीफन हेल्स. वय सत्तेचाळीसच्या आतबाहेर. त्यांच्यापुढं मातीची कुंडी आणि कुंडीत साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल. ते लहान असतानाच त्यांनी मुद्दाम कुंडीत लावलं होतं. आता ते कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवताहेत. बुंध्याभोवतीची फट लुकणानं बुजवतात, पत्र्याची कड बुजवतात, कुंडीच्या बुडाची भोकं बुचानं बंद करतात. हवा खेळायला काचेची एक अरुंद नळी आणि पाणी घालायला दुसरी आखूड नळी, तीही एरवी बुचानं बंद. मातीतून वाफ उडायला आता वाटच नाही. कुंडीचं वजन घटलं तर ते झाडाच्या अंगातून गेलेलं पाणीच असणार.

मग ते कुंडी तराजूवर ठेवतात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तुम्हाला वाटतं, एवढंच? पण ८ ऑगस्टपर्यंत पंधरा निरनिराळ्या दिवशी ते हेच करणार आहेत. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वहीत डोकावता. दिवसाच्या बारा तासांत सूर्यफुलानं सरासरी १ पौंड ४ औंस पाणी सोडलं, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं अधिक. एका फार गरम आणि कोरड्या दिवशी १ पौंड १४ औंस. कोरड्या उबदार रात्री, दव पडलं नाही तेव्हा, जेमतेम ३ औंस. थोडं दव पडलेल्या रात्री काहीच नाही. आणि दव भरपूर पडलं किंवा पाऊस झाला तर कुंडीचं वजन सकाळी दोन-तीन औंसांनी वाढलेलं.

आता ते करतात ती गोष्ट मला सगळ्यात थोर वाटते. प्रयोग संपल्यावर ते झाड बुंध्याशी कापतात, खुंटावर लुकण लावतात आणि झाडावेगळी राहिलेली कुंडी पुन्हा तोलतात. कारण कुंडी बिनचकाकीची मातीची आहे, तीही पाझरत असेल. पाझरतेच: बारा तासांत २ औंस. तेवढे ते झाडाच्या हिशेबातून वजा करतात. झाडाच्या नावावर त्याचं नसलेलं एक थेंबही पाणी जाऊ नये, एवढी या माणसाची सचोटी.

पानं अजून उरली आहेत. ती ते आकारानुसार पाच ढिगांत लावतात. दोऱ्यांची जाळी विणलेली आहे, पाव इंचाच्या चौकटींची. जाळी पानावर ठेवायची आणि चौकटी मोजायच्या. बेरीज येते ५६१६ चौरस इंच, म्हणजे ३९ चौरस फूट. साडेतीन फुटांच्या रोपानं हवेपुढं एका लहान खोलीच्या जमिनीएवढी ओली पाठ उघडी टाकली आहे. पुढं ते माणसाच्या घामाशी ताळा घालतात आणि सांगतात, आकारमानाला आकारमान धरलं तर सूर्यफूल माणसाच्या सतरा पट पाणी टाकतं. हे सगळं १७२७ सालच्या त्यांच्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या ग्रंथात छापलं जाईल.

पण वहीतल्या त्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा. दिवसा २० औंस, कोरड्या रात्री ३. रात्र थंड असते, हवेची ओढ कमी असते, हे खरं. तरी एवढा फरक? पानाला रंध्रं आहेत हे इटलीत माल्पिगी आणि इंग्लंडात नेहेमाया ग्रू यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून चाळीसहून अधिक वर्षं झाली आहेत. पण रात्री तुमच्यासमोर हे झाड असंख्य दारं लावून घेतं आहे, ते हेल्सना तराजूत दिसतं. दारं दिसत नाहीत.

दवानं बोट ओलंच राहिलं होतं. ऊन चढलं आणि आता ते वाळलं.

*

तुम्ही दक्षिण हिंदुस्थानातल्या एका बागेत उतरता. एकोणिसाव्या शतकाचा आरंभ. पहाट आहे, सूर्य अजून वर आलेला नाही. एक जर्मन गृहस्थ वाकून एका झुडपाचं जाड, रसाळ पान तोडतात आणि चक्क चावतात.

हे बेंजामिन हाइने. मोराव्हियन मिशनबरोबर ते हिंदुस्थानात आले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. झुडूप तुम्ही लगेच ओळखता. आपल्याकडे अंगणात, गच्चीवरच्या डब्यात, कुठंही वाढणारी पानफुटी. पान मातीवर पडलं की त्याच्या कडेच्या खाचांतून नवी रोपं फुटतात, म्हणून तिचं ते नाव. मुतखड्यावर पानं खाण्याचा सल्ला तुम्ही कुणाकडून तरी ऐकलाच असेल.

हाइने पान तुमच्यापुढं धरतात. चावून बघा. आंबट! चुक्याच्या भाजीसारखं, किंबहुना थोडं जास्तच.

आता बागेतच थांबा. ऊन वर येतं, माळी झाऱ्या भरतात, सावल्या आखडतात. भर दुपारी हाइने त्याच झुडपाचं दुसरं पान देतात. चव नाही. नुसतं गवत चघळल्यासारखं. संध्याकाळी तिसरं, तर किंचित कडवट. रात्र उलटली की पहाटे पुन्हा आंबट. हाइनेंनी हे लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या लँबर्ट यांना पत्रानं कळवलं आणि १८१५ साली ते सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. आंबटपणा उजेडामुळे जातो, इतकं त्यांनी बरोबर ताडलं होतं. रात्री तो येतो कुठून, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

तुम्हाला मात्र ते आत्ताच सांगतो. पानफुटी दिवसा दारं लावून बसते आणि रात्री उघडते. रात्री हवा गार असते, तिची ओढ मंद असते, पाणी थोडंच जातं. तेवढ्या वेळात ती कर्बवायू आत घेते; पण उजेड नसल्यामुळे साखर करता येत नाही. म्हणून तो कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या पिशव्यांत साठवून ठेवते. पहाटे तुमच्या जिभेला लागलं ते हे रात्रभर भरलेलं कोठार. दिवस उगवला की दारं बंद करायची आणि साठवलेलं आम्ल मोडून आतल्या आत साखर करायची. दुपारपर्यंत कोठार रिकामं, म्हणून चव गेलेली.

कोरफड, निवडुंग, अननस यांचंही हेच आहे. सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यात अलीकडे ज्या ड्रॅगन फ्रूटच्या बागा उभ्या राहिल्या, तेही याच चालीचं झाड. म्हणून ते कमी पाण्यावर टिकतं. या चालीची किंमतही आहे. कोठार भरेल तेवढंच दिवसाला खायचं, म्हणून अशी झाडं सहसा सावकाश वाढतात. तहान टाळायची तर भूक सोसावी लागते. पानफुटीनं तो सौदा आपल्यापुरता असा मिटवला आहे.

वजन नाही, काच नाही, जीभ आणि घड्याळ एवढ्यावर हे सापडलं. प्रयोगशाळा नाही म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येक शाळेत हाइनेंची गोष्ट सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

*

१८९८, केंब्रिज. बोट ओलं करायच्या आधी हात पुढं करा, कारण फ्रान्सिस डार्विन तुमच्या तळहातावर काहीतरी ठेवताहेत. शिंगाची अगदी पातळ कपची. एका बाजूला दमट हवा लागली की ती वाकते. तिला एक बारीक काटा जोडलेला आहे.

फ्रान्सिस हे चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव. वडिलांबरोबर त्यांनी झाडांच्या हालचालींवर पुस्तक केलं होतं, १८८० साली. वडील जाऊन आता सोळा वर्षं झाली आहेत. त्याच्याही आधी ह्यूगो फॉन मोल या जर्मन शास्त्रज्ञानं १८५६ सालीच दाखवून दिलं होतं की रक्षक पेशी फुगतात तेव्हा रंध्र उघडतं. पण जिवंत झाडावरच्या पानाची रंध्रं या घटकेला उघडी आहेत की मिटलेली, हे पान न कापता कसं कळावं? फ्रान्सिस शिंगाची कपची पानाच्या खालच्या अंगाला टेकवतात. उघड्या रंध्रांतून निघणारी वाफ तिला लागते, कपची वळते, काटा सरकतो. तीच कपची पानाच्या वरच्या अंगावर ठेवली, तर अनेक झाडांत काटा जागचा हलत नाही, कारण त्यांची रंध्रं बहुतेक खालच्या बाजूलाच असतात.

"आता बघा," असं म्हणून ते पान देठापासून खुडतात. तुम्ही वाट बघता की रंध्रं ताबडतोब मिटतील. काटा उलट दिशेला जातो! थोडा वेळ रंध्रं जास्तच उघडतात, आणि मग मिटू लागतात. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल, पण कारण साधं आहे. रक्षक पेशींना शेजारच्या पेशी दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. पाणी तुटलं की शेजारी आधी सैल पडतात, त्यांचा दाब निघतो आणि ओठ क्षणभर अधिक फाकतात. मग रक्षक पेशींचंही पाणी उतरतं. दार नुसतं दोन फळ्यांचं नसून भिंतीचाही त्यात हात असतो.

रक्षक पेशींत पाणी नेमकं कशानं भरतं, हा धागा जपानमध्ये इमामुरा आणि पुढं फुजिनो यांनी पकडला आणि १९६८ साली फिशर यांच्या कामानं तो सर्वमान्य झाला: पेशी पोटॅशियम आत ओढते, पोटॅशियमच्या मागोमाग पाणी येतं. पोटॅश कमी पडलेल्या पिकाचं पाण्याचं गणित का बिघडतं, याचं एक कारण इथं आहे.

खिडकीबाहेर पाऊस नाही. बोट वाळलं.

*

हे कुठं आलात? झाडं नाहीत, गवत नाही. वाफाळणारी गरम पाण्याची डबकी आणि त्यांच्या कडेनं वीतभर उंचीच्या हिरव्या काड्या, बिनपानांच्या, टोकाला फुगीर बोंडं आलेल्या. ४० कोटी वर्षांपूर्वीची, आज स्कॉटलंडमध्ये असलेल्या ऱ्हायनीची ही जागा. दिवस २२ तासांच्या आसपासचा आहे. काड्यांच्या बुडाशी कोळ्यांसारखे बारीक जीव फिरताहेत, तेवढीच काय ती जाग.

बोट ओलं करून धरता. डबक्यांच्या वाफेत ते वाळेचना. तेवढ्यात एक काडी मोडून भिंग लावा. काडीच्या हिरव्या सालीवर, फार लांब लांब विखुरलेल्या, शेंगेतल्या दाण्यांसारख्या दोन-दोन पेशी, मधे फट. तीच रंध्रं! पान नावाची वस्तू या काड्यांना ठाऊक नाही, दारं मात्र आलेली आहेत. हवेत कर्बवायू आजच्यापेक्षा जास्त असल्यामुळे थोडीच दारं पुरतात. या डबक्यांच्या पाण्यातली सिलिका काड्यांत मुरेल, त्यांचा दगड होईल, आणि १९१२ साली विल्यम मॅकी नावाच्या डॉक्टरांना तो दगड सापडेल. त्याच्या पातळ चकतीत रक्षक पेशी जशाच्या तशा दिसतील.

पाण्यातून जमिनीवर आलेल्या हिरवाईपुढचा पहिला प्रश्न हाच होता. कोरड्या हवेत उघडं कसं राहायचं आणि जेवायचं कसं? डबक्यापलीकडून एक कोरडी झुळूक येते. बोट वाळतं.

*

अवदात. नेगेव्हचं वाळवंट, १९७० नंतरचा एखादा उन्हाळा. इथं बोट वर उचलेपर्यंतच कोरडं झालं! पण या वेळी निघू नका. आपण एवढ्या लांब आलो ते इथल्यासाठीच.

टेकडीवर नबाती लोकांच्या शहराचे पडके कमानीदार अवशेष आहेत; पेत्राहून गाझाकडे जाणारे धूप-ऊदाचे तांडे इथं थांबत. टेकडीखाली दगडी बांध घातलेले चौकोनी तुकडे आणि त्यांत हिरवीगार बाग. पाऊस वर्षाला ८०-१०० मिलिमीटर. आपल्या सोलापूर जिल्ह्यातसुद्धा याच्या पाचपट तरी पडतो. मग बाग कशी? नबाती शेतकऱ्यांनी उतारावरचं पाणी चरांनी वळवून खालच्या तुकड्यात जिरवलं होतं. एका एकराच्या शेताला वीस-तीस एकर उतार पाणी पुरवायचा. मायकेल एवेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५९ पासून हे जुनं शेत तसंच पुन्हा उभं केलं. १९३३ साली ज्यू म्हणून जर्मनीतल्या विद्यापीठातून काढून टाकलेला हा माणूस. आणि आता त्याच्याच शेतात वुर्झबर्गहून जर्मन शास्त्रज्ञ आलेले आहेत, ओट्टो लांगे आणि अर्न्स्ट-डेटलेफ शुल्झे. वाळवंटातल्या झाडांना काय भोगावं लागतं ते त्यांना मोजायचं आहे.

तुम्ही जर्दाळूच्या झाडाजवळ या. पानं असलेली एक फांदी पारदर्शक डब्यात बंद केली आहे. डब्यातल्या हवेची ऊब आणि ओल बाहेरून हवी तशी ठेवता येते. फांदी झाडावरच आहे, मुळं जिथल्या तिथं, मातीची ओल तीच. बदलायची ती फक्त हवा.

आधी दमट हवा सोडतात. मग जरा कोरडी. पाणी जाण्याचा वेग वाढतो, हेल्सच्या गरम कोरड्या दिवसासारखा. आणखी कोरडी हवा. तुम्ही मनात म्हणता, आता वेग आणखी वाढणार. पण रंध्रं मिटू लागली आहेत, आणि अशी मिटतात की हवेची ओढ वाढूनही पानातून जाणारं पाणी आधीपेक्षा कमी होतं. मग ते पानातलं पाणी मोजतात. ते घटलेलं नाही. उलट थोडं वाढलेलं आहे!

इथं थांबून नीट विचार करा, कारण सगळ्या प्रवासाचं सार या डब्यात आहे. पान सुकलं म्हणून दार लागलं असतं तर दार लागताना पान आधीपेक्षा कोरडं सापडायला हवं होतं. ते तर आधीपेक्षा ओलं सापडलं. म्हणजे पानाला तहान लागायची वाट दारानं पाहिली नाही. हवा कोरडी झाल्याचं दाराला परस्पर कळलं.

हे शक्य आहे का, ते लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुर्झबर्गमध्ये, १९७१ साली छापलेल्या प्रयोगात, आणखी उघड करून दाखवलं. तुम्ही क्षणभर तिथल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. नेच्याच्या पानाची नुसती सोललेली पातळ साल आहे, खालून पाणी दिलेलं. केसासारख्या बारीक नळीनं एकाच रंध्रावर कोरडी हवा सोडतात. बघता बघता ते मिटतं. शेजारचं, ज्यावर हवा गेली नाही, ते तसंच उघडं. नळी काढून दमट हवा दिली की मिटलेलं पुन्हा उघडतं. ना मूळ, ना खोड, ना पूर्ण पान. उंबऱ्यावरच्या त्या दोन पेशी थेट बाहेरच्या हवेला लागून आहेत, आणि त्यांचं पाणी सगळ्यात आधी जातं.

यापुढचा एक धागा मला फार जिवंत वाटतो. टोमॅटोचं 'फ्लाका' नावाचं एक वाण आहे, ज्याला दारं नीट लावताच येत नाहीत. मातीत पाणी असतानाही ते माना टाकतं. १९७० साली इंबर आणि ताल यांनी दाखवलं की त्याच्यावर ॲबसिसिक आम्ल फवारलं की ते सावरतं. सुकू लागलेल्या पानात हे आम्ल झपाट्यानं वाढतं. रक्षक पेशींना ते पोटॅशियम सोडून द्यायला लावतं आणि दार मिटतं. फुलझाडांत कोरड्या हवेच्या वेळीही त्याचा हात असतो, नेच्यांत बहुतेक काम पाण्याच्या दाबावर भागतं, असं अलीकडचं संशोधन सांगतं. वाद पुरता मिटलेला नाही, आणि ते मला आवडतं. ४० कोटी वर्षांचं दार आहे, त्याच्या बिजागऱ्या सगळ्या मोजून कशा होतील?

*

पुन्हा मंगळवेढा. आजोबांनी सांगितलं होतं तशी पहाट आहे. पायांना दव लागतं. मालदांडीची पानं सरळ पसरली आहेत, जणू काल दुपारी काही झालंच नव्हतं. रात्रभर काळ्या मातीच्या खोल थरातलं पाणी मुळांनी वर चढवलं आणि पानांनी फुगून आपली घडी उलगडली.

ज्वारीचे ओठ शेंगेतल्या दाण्यांसारखे नसतात, व्यायामशाळेतल्या डंबेल्ससारखे असतात. गवताच्या कुळाची ही खूण. त्यामुळे ते झटकन उघडतात आणि झटकन मिटतात. शिवाय ज्वारी, ऊस, मका ही पिकं कर्बवायू आत आला की त्याला विशिष्ट पेशींत दाटवून ठेवतात, म्हणून दार किलकिलं असलं तरी त्यांचं भागतं. दुपारी पान गुंडाळणं ही त्यावरची आणखी एक तजवीज: उघडी पाठच कमी करायची. या जिरायत रानातल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या चवीचं श्रेय देताना काळ्या मातीबरोबर या मिटणाऱ्या ओठांनाही द्यायला हवं.

आता सूर्य वर येईल. दहापर्यंत पानं जेवून घेतील, मग हळूहळू दारं ओढतील. तापमान एका अंशानं वाढलं की हवेची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हवेत बाष्प तेवढंच राहिलं आणि दुपारी तापत गेल्या, तर पाऊस पूर्वीइतकाच पडूनही पानांचा उघडण्याचा वेळ आखडतो, आणि दार बंद असलेल्या वेळात दाण्यासाठी नवी साखर होत नाही. पावसाचे आकडे आपण गावागावांत मोजतो. दुपारच्या हवेच्या कोरडेपणाचे आकडेही शेतकऱ्याच्या हातात यायला हवेत. ओला आणि कोरडा असे दोन तापमापक शेजारी टांगले तरी पुरे.

आणि घरी पानफुटी असेल तर उद्या एवढं करा. सूर्य उगवायच्या आधी एका पानाचा चिमटीएवढा तुकडा तोडा, जिभेवर ठेवा, चव बघून थुंकून टाका. दुपारी दोनला त्याच पानाचा दुसरा तुकडा. लेकरांनाही सोबत घ्या. कुंडी मात्र दिवसभर उन्हात असायला हवी.